गोंडा चिडका झाला नव्हता: एका शिह त्झूच्या डाव्या डोळ्याची केस

आधीच सांगते, मी डॉक्टर नाही. कुत्र्यांचं ग्रूमिंग करते, अकरा वर्षं झाली, आणि माझ्या टेबलावर सगळ्यात जास्त कोण येत असेल तर शिह त्झू, म्हणजे लांब केसांची, चपट्या तोंडाची ती छोटी कुत्री. ही केस त्यातल्याच एकाची. घरच्यांनी लिहायला हो म्हटलंय, फक्त काकूंची एक अट, "कुत्र्याचं नाव बदलायचं नाही हं, त्याच्याबद्दल लिहितेस ना मग त्याचंच नाव हवं." तर गोंडा. माणसांची नावं घेत नाही, काका, काकू आणि त्यांची आठ वर्षांची नात, एवढं पुरे. यात माझीही एक चूक आहे, ती पण सांगणार आहे.

गोंडा तेव्हा सहा वर्षांचा, नर, नसबंदी झालेला, वजन ६.८ किलो. म्हणजे अगदी बेताचं, या जातीत ४.५ ते ८.१ किलो वजन आणि खांद्यापाशी २७ सेंटीमीटरच्या आत उंची असं धरतात. सोनेरी-पांढरा रंग, केस जमिनीला टेकणारे, डोक्यावर शेंडी बांधलेली. दर पाच आठवड्यांनी माझ्याकडे यायचा. स्वभाव असा की ड्रायर चालू केला की हा झोपणार, म्हणजे खरंच झोपणार, मान माझ्या मनगटावर टाकून. नखं कापायला घेतली की पाय स्वतःहून पुढे. सहा वर्षांत एकदाही दात दाखवले नव्हते त्याने.

हे एवढं सांगतेय कारण सगळी केस या स्वभावावरच फिरते. शिह त्झू हे नाव चिनी भाषेतल्या सिंह या शब्दावरून आलंय, पण सिंहाचं काय ते नावापुरतंच. मूळ तिबेटकडचं, वाढवलं चीनच्या राजवाड्यात, सम्राज्ञी त्सशी यांना तर यांचं फार वेड, त्या १९०८ ला वारल्या, मग १९३० च्या सुमारास काही कुत्री ब्रिटनला पोचली आणि तिथून जगभर. या सगळ्या प्रवासात या कुत्र्याला ना शिकार करायला लावली ना राखण, याचं काम एकच, माणसाजवळ बसणं. त्यामुळे बाकी काही कुत्र्यांमध्ये जे गुरगुरणं जातीचा गुण म्हणून खपून जातं ते यांच्यात तसं खपवायचं नसतं. हट्टी असतात, ते मान्य. शी-शू शिकवताना मालकाला रडवतात, ओल्या जमिनीवर पाय ठेवणार नाहीत, हाक मारली तर आधी विचार करतील मग येतील. पण हट्टी वेगळं आणि चावरं वेगळं.

तो दिवस

काकू त्याला घेऊन आल्या आणि टेबलावर ठेवायच्या आधीच म्हणाल्या, "जरा जपून गं, हल्ली याच्या नाकावर राग असतो." मी हसले. मग कंगवा डाव्या गालापाशी नेला आणि त्याने फटकन तोंड फिरवून माझ्या हातावर दात लावले. रक्त नाही आलं पण मी दोन मिनिटं तशीच उभी, कारण हा गोंडा होता.

काकूंना विचारलं कधीपासून, तर सगळी कहाणी बाहेर आली. आठ-दहा दिवस झाले, दिवसभर पलंगाखाली जाऊन बसतो, मांडीवर घेतलं तर उतरून जातो. नात सुट्टीला आलीये, ती रोजच्यासारखी त्याच्या डोक्याची पापी घ्यायला गेली तर तिच्यावर गुरगुरला. पोर घाबरून रडली. मग घरात बैठक बसली आणि निदान झालं की याला नातीची असूया वाटतेय, आपण लाडावून ठेवलाय. कुणीतरी फोनवरून ट्रेनिंगचा सल्ला पण दिला की हा स्वतःला घरातला बॉस समजायला लागलाय, त्याला पलंगावर सोफ्यावर चढू देऊ नका, गुरगुरला की दम द्या. त्यांनी दिला. रोग म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला, दुसरं काय.

मला त्यातली एकच गोष्ट खटकली, पलंगाखाली. रुसलेला शिह त्झू पलंगाखाली जात नाही हो, तो तुमच्यासमोर पाठ करून बसतो म्हणजे तुम्हाला दिसावं की तो रुसलाय. पलंगाखाली अंधार असतो.

शेंडी सोडली, केस वर केले, खिडकीपाशी नेलं. डावा डोळा अर्धवट मिटलेला. आतल्या कोपऱ्यातून तिसरी पापणी, कुत्र्यांना असते ती आतली जास्तीची, वर आलेली, पांढरा भाग लालभडक, पिवळट हिरवट चिपडं केसांत वाळून कडक झालेली, आणि बुब्बुळावर निळसर धुकं, काचेवर वाफ धरल्यासारखं. उजवा डोळा बघितला तर तो स्वच्छ पण चमक कमी. काकूंना दाखवलं तर त्या खालीच बसल्या. त्यांना दिसलंच नव्हतं, आणि मी त्यांना दोष देणार नाही, एवढ्या केसांमागे दोन डोळे आहेत हे लक्षात ठेवून रोज केस वर करून बघावं लागतं, नुसतं समोरून बघून काही कळत नाही.

आंघोळ वगैरे सगळं रद्द, त्याला तसंच अर्धवट विंचरलेलं उचललं आणि दवाखान्यात. मी पण गेले बरोबर.

माझी चूक

जाताना गाडीत मला आठवत होतं ते हे. मागच्या खेपेला, म्हणजे पाच आठवड्यांपूर्वी, त्याच डोळ्याखाली पाण्याचा डाग नेहमीपेक्षा ओला होता. मी पुसला, म्हटलं "अश्रूंचे डाग, या जातीत असतातच", आणि पुढे गेले. शिवाय नाकावरचे केस त्या दिवशी मी अर्धवट कापले होते, ना धड बारीक ना धड लांब. ज्याने स्वतःची दाढी दोन दिवस वाढवलीये त्याला विचारा असे अर्धवट खुंट किती टोचतात. याच खुंटामुळे जखम झाली असं कोणी खात्रीने म्हणू शकत नाही, डॉक्टरपण म्हणाले नाहीत, पण एक केस बुब्बुळाला लागत होता हे त्यांना भिंगातून दिसलं, आणि तो नाकाच्या घडीवरचाच होता.

आता गंमत बघा, गंमत म्हणजे काय, दुर्दैवच. या जातीच्या चेहऱ्याचं कौतुक कशाचं करतात? नाकाच्या दांड्यावर केस वरच्या दिशेने उगवतात आणि तोंड शेवंतीच्या फुलासारखं दिसतं, ब्रीडच्या वर्णनात हे चक्क गुण म्हणून लिहिलेलं असतं. नाक आखूड, डोळे मोठे आणि पुढे आलेले, केस वर उगवणारे. म्हणजे ज्या गोष्टीवर आपण फिदा होतो तीच गोष्ट चोवीस तास डोळ्यासमोर काडी धरून उभी असते.

तपासणीत काय निघालं

डॉक्टरांनी डोळ्यात काहीही घालायच्या आधी कागदाची एक पट्टी खालच्या पापणीत अडकवली आणि मिनिटभर घड्याळ लावलं. पट्टी किती मिलिमीटर ओली होते त्यावरून अश्रू किती बनतात ते कळतं. कुत्र्यात १५ आणि वर असलं की ठीक धरतात. गोंडाच्या चांगल्या डोळ्याचं आलं ९. दुखऱ्याचं १२, आणि डॉक्टर म्हणाले की इतका दुखणारा डोळा खरं तर पाण्याने वाहायला पाहिजे, त्यामुळे हे १२ पण कमीच. म्हणजे दोन्ही डोळे कोरडे, आणि ते काही आजचे नाहीत, बरेच महिने कोरडे असणार. शरीराची स्वतःची प्रतिकारशक्तीच अश्रूंच्या ग्रंथींवर उलटते असा हा प्रकार, शिह त्झूंमध्ये बऱ्यापैकी दिसणारा. मला तर नेहमी वाटायचं डोळ्याखाली ओलं दिसतंय म्हणजे पाणी भरपूर आहे. तसं नसतं. कोरड्या डोळ्यात अश्रूंच्या जागी चिकट घाण जमते आणि केस ओलेच दिसतात.

मग हिरवा रंग. फ्लुरोसीन नावाचा नारिंगी थेंब टाकतात आणि निळा दिवा मारतात, कॉर्निया म्हणजे बुब्बुळावरचा पारदर्शक पडदा जिथे सोलला असेल तिथे तो रंग धरतो आणि हिरवागार चमकतो. गोंडाला साधारण चार मिलिमीटरचा हिरवा ठिपका. हा पडदा मुळात अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास जाडीचा, आणि जखम त्याच्या निम्म्यापर्यंत खोल गेलेली, कडा मऊ, जेलीसारख्या. डॉक्टरांचा चेहरा तिथे बदलला. कडा मऊ म्हणजे पडदा वितळायला लागलाय, असा अल्सर, म्हणजे अशी उघडी जखम, एका दिवसात भोक पाडू शकतो.

मग त्यांनी एक विचारलं जे मी अकरा वर्षांत कुणाला विचारलं नव्हतं, "हा झोपताना डोळे पूर्ण मिटतो का?" काकू लगेच, "नाही ना, थोडे उघडेच असतात, पांढरं दिसतं, आम्हाला फार गंमत वाटते, फोटो आहेत माझ्याकडे." मोबाईल काढून दाखवले पण. तीन वर्षांचे फोटो, सगळ्यांत पापण्यांमध्ये फट. डोळे मोठे आणि खोबण उथळ म्हणून पापणी पुरी पोचत नाही, त्यामुळे बुब्बुळाचा मधला पट्टा रात्रभर उघडा राहून सुकतो. जखम नेमकी त्याच पट्ट्यात होती.

चपट्या तोंडाच्या कुत्र्यांच्या कॉर्नियाला संवेदना पण कमी असते, म्हणजे ज्या ओरखड्याला दुसरं कुत्रं पंजाने डोळा चोळून घर डोक्यावर घेईल तो हे मुकाट सोसतात. इंग्लंडमधल्या एक लाखाहून जास्त कुत्र्यांच्या दवाखान्यातल्या नोंदींवरचा एक अभ्यास लंडनच्या रॉयल व्हेटर्नरी कॉलेजच्या लोकांनी २०१७ साली छापला, त्यात सगळी कुत्री मिळून कॉर्नियाच्या अल्सरचं प्रमाण ०.८ टक्के होतं आणि शिह त्झूंमध्ये ३.४५. पग त्याच्याही वर, ५.४२. माझ्याकडे येणारी कुत्री बघता मला याचं अजिबात नवल वाटलं नाही, नवल याचं वाटलं की मी इतकी वर्षं याला डाग म्हणत होते.

आणि मग ड्रॉप्सची गोष्ट

डॉक्टरांनी विचारलं घरी काही घातलं का डोळ्यात. काकू गप्प. मग काका, जे मागून येऊन पोचले होते, हळूच म्हणाले, "हो, माझे होते ना मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतरचे, ते उरले होते. डोळा लाल दिसला तेव्हा पाच दिवस घातले, फरक पण पडला होता."

म्हणजे काकांना लाली दिसली होती, त्यांनी उपाय पण केला होता, फक्त काकूंना सांगितलं नव्हतं कारण दोन दिवसांत लाली कमी झाली आणि विषय संपला असं त्यांना वाटलं. बाटली बघितली, अँटिबायोटिक अधिक स्टेरॉइड. ऑपरेशननंतर माणसाला द्यायला एकदम योग्य औषध. पण बुब्बुळावर उघडी जखम असताना स्टेरॉइड गेलं की सूज आणि लाली उतरते, म्हणून बरं दिसतं, आणि आतमध्ये जखम भरून येणं थांबतं, जंतूंना मोकळं रान मिळतं आणि पडदा वितळवणाऱ्या एन्झाइम्सना जोर चढतो. म्हणून तर डॉक्टर आधी हिरवा रंग टाकून बघतात आणि मगच ठरवतात कुठले ड्रॉप्स. लाल डोळ्याला नुसतं बघून ड्रॉप्स ठरवता येत नाहीत, कुत्र्याच्या मागच्या वेळच्या उरलेल्या बाटलीने पण नाही.

काका त्यानंतर बराच वेळ काही बोलले नाहीत. डॉक्टरांनी बरं केलं, रागावले नाहीत, फक्त बाटली स्वतःकडे ठेवून घेतली.

उपचार, म्हणजे तीन आठवडे घरात दुसरं काही नाही

जखमेचा स्वॅब तपासायला पाठवला, तो रिपोर्ट येईपर्यंत अँटिबायोटिकचे ड्रॉप्स दर दोन तासांनी, रात्रीसुद्धा. दुसरी बाटली त्याच्याच रक्तापासून बनवलेल्या सीरमची. हे मला नवीन होतं, कुत्र्याचं रक्त काढून त्यातलं पिवळं सीरम वेगळं करतात आणि तेच ड्रॉप्स म्हणून घालतात, त्यात वितळवणाऱ्या एन्झाइम्सना अडवणारे घटक असतात. ते फ्रिजमध्ये ठेवायचं, बाटलीचं टोक डोळ्याला लागू द्यायचं नाही आणि सांगितलेल्या दिवसांनंतर नवीन आणायचं कारण त्यात जंतू फार लवकर वाढतात. तिसरे अॅट्रोपिनचे, आतला स्नायू आखडून जी कळ येते ती सुटावी म्हणून. तोंडावाटे कुत्र्यांसाठीचं वेदनाशामक, मोजून वजनाप्रमाणे. माणसांची आयबुप्रोफेनसारखी गोळी घरात असते म्हणून द्यायची नाही, कुत्र्याच्या पोटाची आणि किडनीची वाट लागते. दोन ड्रॉप्समध्ये किमान पाच मिनिटं, नाहीतर दुसरा पहिल्याला धुऊन काढतो.

आणि गळ्यातला पट्टा काढून हार्नेस, म्हणजे छातीभोवती बांधतात तो. कारण पट्ट्याला हिसका बसला की मानेवर दाब येतो आणि तोच दाब डोळ्यात पोचतो, आधीच पातळ झालेल्या पडद्याला तेवढं पुरतं. मला विचाराल तर या जातीला पट्टा फक्त नावाची चकती अडकवायला, ओढायला कधीच नको, डोळे चांगले असले तरी.

थेंब घालायची पद्धत डॉक्टरांनी मला शिकवली आणि मी घरच्यांना. समोरून बाटली घेऊन गेलात तर कुठलंही कुत्रं मागे सरकणार. त्याला मांडीवर आपल्याकडे पाठ करून बसवायचं, हनुवटीखाली एक हात, डोकं किंचित वर, दुसऱ्या हाताचा तळवा त्याच्या कपाळावर टेकवून अंगठ्याने वरची पापणी हलकी वर आणि वरून थेंब. मानगूट पकडायची नाही. हे नीट वाचा, शिह त्झू, पग, पेकिनीज यांची मानेची कातडी मागे जोरात ओढली तर डोळा खोबणीबाहेर येऊ शकतो, ऐकीव गोष्ट नाही ही. गळ्यात कोन, म्हणजे डोळा खाजवू नये म्हणून घालतात ते नरसाळं, होताच, मान आखूड म्हणून तो सारखा निसटायचा, शेवटी तो हार्नेसला फितीने बांधला. कोन भांड्यात आपटायचा म्हणून भांडं उंचावर ठेवलं. रात्रीचे थेंब काकांनी घेतले, कुणी सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या रात्री साडेबाराला मला फोन. गोंडाच्या तोंडातून फेस येतोय, विषबाधा झाली का काय. मी पण घाबरले. डॉक्टरांना लावला तर ते शांतपणे म्हणाले अॅट्रोपिन घातलं का आत्ता? डोळ्यातून नाकात आणि नाकातून घशात एक नळी जाते, थेंब तिथून जिभेवर पोचतो आणि तो इतका कडू असतो की कुत्रं फेस काढतं. जरा पाणी पाजा, थांबेल. थांबला.

पहिले तीन दिवस रोज दवाखाना. डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवलं होतं की जखम अजून खोल गेली तर डोळ्यांच्या तज्ज्ञाकडे पाठवणार, तिथे पापणीच्या आतल्या त्वचेचा तुकडा जखमेवर शिवतात. आणि हेही की जखम आणखी खोल जाते तेव्हा कधी कधी दुखणं उलट कमी होतं, कारण नसांची टोकं वरच्या थरात जास्त असतात, त्यामुळे कुत्रं खूश दिसतंय म्हणून तपासणी चुकवू नका. तिसऱ्या दिवशी कडा घट्ट झाल्या, वितळणं थांबलं. ऑपरेशन टळलं.

सहाव्या दिवशी काकूंचा परत रडवेला फोन, डोळा लालबुंद झालाय, पांढऱ्या भागातून लाल रेषा बुब्बुळावर चढल्यात. ही मात्र चांगली बातमी निघाली. बुब्बुळावरच्या त्या पारदर्शक पडद्यात मुळात रक्तवाहिन्या नसतात, खोल जखम भरायला त्या कडेकडून सरकत येतात, दिवसाला साधारण एक मिलिमीटर, आणि जखमेपर्यंत पोचल्या की दुरुस्ती वेगात होते. म्हणजे ज्या लालीला काका घाबरले होते ती वाईट होती आणि ही लाली हवी होती, आणि नुसत्या डोळ्याने या दोन्हीतला फरक मला तरी सांगता आला नसता. एकोणिसाव्या दिवशी हिरवा रंग कुठेच धरला नाही.

स्वभावाचं काय झालं

पाचव्या दिवशी गोंडा पलंगाखालून आपणहून बाहेर आला, कोन आपटत आपटत, आणि काकूंच्या मांडीवर चढला. डोळा अजून निम्मासुद्धा बरा नव्हता, फक्त दुखणं आटोक्यात आलं होतं. नातीला काकूंनी सांगितलं होतं की त्याचा डोळा दुखत होता आणि तू पापी घ्यायला गेलीस ती डाव्या बाजूनेच. तिने विचारलं, "मग तो बोलला का नाही?" काकू म्हणाल्या, "बोलला की, आपणच ओरडलो त्याच्यावर."

मी नंतर त्या ट्रेनिंगच्या सल्ल्याबद्दल बरीच चिडचिड केली. पण खरं सांगायचं तर दोष सगळा तिकडे टाकता येत नाही. गुरगुरण्याची केस फोनवर सांगितली की समोरचा वागण्याबद्दलच बोलणार. मला आता एवढंच कळतं की सहा वर्षं शांत असलेला शिह त्झू आठवड्यात बदलला तर पहिली फेरी दवाखान्याची, आणि तिथे डोळे, दात, कान, पाठ हे चार तरी बघून घ्यायचे. दात यासाठी की एवढ्याशा जबड्यात तेच ४२ दात दाटीवाटीने बसवलेले असतात, हिरड्या फार लवकर खराब होतात. गोंडाचे पण दोन हलत होते, ते नंतर निघाले, पण तो वेगळा विषय.

आता काय काय बदललंय

कोरड्या डोळ्यांसाठी सायक्लोस्पोरिनचं मलम दिवसातून दोनदा, दोन्ही डोळ्यांत, आयुष्यभर. हे स्टेरॉइड नाही, ग्रंथींवरचा हल्ला शांत करतं म्हणजे स्वतःचे अश्रू परत बनायला लागतात. पण लगेच नाही हं, पहिले काही आठवडे काहीच फरक दिसत नाही आणि बरेच लोक तिथेच बंद करतात. गोंडाचं उजव्या डोळ्याचं ९ वरून १५ व्हायला जवळजवळ दोन महिने गेले. झोपताना दोन्ही डोळ्यांत वंगणाचं जेल, त्या उघड्या फटीसाठी.

जमिनीपर्यंतचे केस काकूंनी स्वतःच कापायला सांगितले. मला वाटलं होतं त्या रडतील, तर त्या म्हणाल्या "सुटलो बाई रोजच्या गुंत्यातून." इथे मी त्यांना थोडं नाराज केलं, कारण केस छोटे केले तरी विंचरणं सुटत नाही. दोन थरांचे केस असतात, खालचा मऊ थर कानामागे, काखेत आणि हार्नेसच्या पट्ट्याखाली गुपचूप गाठी करतो. वरवर ब्रश फिरवला की वरून छान दिसतं आणि कातडीपाशी जमखाना झालेला असतो. केसांचे थर उचलून मुळापासून ब्रश करायचा आणि शेवटी धातूच्या कंगव्याने तपासायचं, तो अडकला की गाठ आहे. ही जात केस गाळत नाही असं म्हणतात ना, ते केस खाली पडत नाहीत कारण ते आतच अडकून बसतात.

नाकावरच्या केसांबद्दल माझा नियम आता पक्का. एकतर एकदम बारीक आणि तसेच दर तीन आठवड्यांनी, नाहीतर इतके लांब की स्वतःच्या वजनाने बाजूला पडतील. मधली अवस्था नाही. मालक म्हणाले मधलंच क्यूट दिसतं तर मी गोंडाचा फोटो दाखवते. शेंडी बांधणार असाल तर सैल बांधा, घट्ट बांधली तर कपाळाची कातडी ताणली जाते आणि पापणी आणखी वर ओढली जाते. आंघोळीच्या आधी डोळ्यांत वंगणाचा थेंब, तोंडाला शाम्पू नाही, ओल्या कापडाने पुसायचं, ड्रायरचा झोत तोंडावर कधीच नाही. ड्रायरखाली झोपणारा गोंडा मला फार आवडायचा, पण तोही डोळे अर्धवट उघडेच ठेवून झोपत होता आणि मी त्यावर गरम हवा सोडत होते.

येणाऱ्या प्रत्येक चपट्या तोंडाच्या कुत्र्याचे दोन्ही डोळे मी आता टेबलावर घेताच खिडकीपाशी बघते आणि मोबाईलवर फोटो काढून ठेवते, म्हणजे पुढच्या वेळी तुलना करता येते. एका डोळ्याखाली जास्त ओलं, एक डोळा किंचित बारीक, एका बाजूची चमक कमी, असं काही दिसलं तर ग्रूमिंग नंतर. दोन मालक यावर चिडून गेले. जाऊ देत.

एक गोष्ट अजून लोंबकळतेय. डॉक्टरांनी सुचवलंय की पापण्यांचा आतला कोपरा शिवून डोळ्याची फट थोडी लहान करायची, म्हणजे पापणी पुरी मिटेल आणि नाकावरचे केस पण दूर राहतील. तातडी नाही म्हणाले, मलम आणि जेलवर नीट चाललंय तोवर थांबता येईल. काका तयार आहेत, काकू नको म्हणतात, भूल देण्याची भीती वाटते त्यांना, आणि आखूड नाकाच्या कुत्र्याला भुलेतून बाहेर येताना श्वासाकडे जास्त लक्ष द्यावं लागतं हे खरंच आहे. माझं मत काकांच्या बाजूने. दात काढताना भूल द्यावी लागलीच होती, तेव्हाच दोन्ही उरकलं असतं असं मला वाटतं आणि मी ते बोलून पण दाखवलं, त्यावर काकू आठवडाभर माझ्याशी बोलल्या नव्हत्या.

आता सात महिने झाले. डाव्या बुब्बुळावर टाचणीच्या डोक्यापेक्षा जरा मोठा पांढुरका डाग राहिलाय, तो जाणार नाही, पण दिसतं त्याला, डाव्या बाजूने चेंडू टाकला तरी पकडतो. परवा टेबलावर आला, गालाशी कंगवा नेला तर डोकं थोडं मागे घेतलं, मी थांबले, हात हुंगू दिला, मग त्याने गाल स्वतःच पुढे केला. ड्रायर लांबून आणि थंड हवेवर लावला. झोपला. काकू पिशवीतून जेलची ट्यूब काढत म्हणाल्या, "थांब, आधी हे घालू दे त्याला."